पांढऱ्या जिन्याची चाबी

राऊ, इंदूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. संबोधीस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र येऊन पडलंय कधीचं, उत्तर आज लिहिते. रागावू नकोस. फोनवर तुझं अर्धं बोलणं मला कळतं, उरलेल्या अर्ध्याला मी नुसतं "हो हो" करते. आणि माझं व्हॉट्सॅप तुझा प्रशिकदादा आधी वाचतो, मग मला दाखवतो. त्यापेक्षा कागद बरा.

इथे गुरुवारी फायर ब्रिगेडवाले आले होते, तपासणीला. शहरात एका बिल्डिंगीत आग लागून माणसं धुरात कोंडली, तेव्हापासून घरोघर फिरतायत. प्रशिक सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून साहेबांच्या मागे मागे तोच. आपल्या बिल्डिंगीत नुसत्या उणिवाच उणिवा निघाल्या बघ. भोंगा नाही. गॅलऱ्यांना जाळ्या ठोकलेल्या, त्यातून मांजरसुद्धा बाहेर पडणार नाही. पुढच्या जिन्याखाली लाइटीचे मीटर, आणि त्यांच्या अंगावर सगळ्यांच्या जुन्या गाद्या, कूलर, मोडक्या सायकली. पण साहेब भडकले ते मागच्या जिन्यावर.

तू आली होतीस तेव्हा तो जिना पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल होता, आठवतं? खालच्या दुकानांची गिऱ्हाइकं आडोसा बघून आत शिरायची. प्रशिकला ते सहन होईना. इंदूरचा माणूस आहे, कचरा बघितला की त्याला ताप येतो. त्याने वरपासून खालपर्यंत जिना पांढराशुभ्र रंगवून घेतला, तळाला जाळीचं गेट बसवलं आणि ताला लावला. वॉर्डाचं स्वच्छतेचं बक्षीस मिळालं, त्याचा कागद लिफ्टमध्ये चिकटवलाय. तेव्हापासून त्या जिन्यावर कुणी पाय ठेवत नाही. आल्यागेल्याला दार उघडून नुसता दाखवायचा. मीही दाखवते, खोटं कशाला बोलू.

साहेब त्या गेटपाशी उभे राहिले आणि म्हणाले म्हणे, "बहुत सुंदर है. आग लगेगी तो सब लोग यहाँ साफ-सुथरे मरेंगे." मला ऐकू नाही आलं, शेजारच्या मधुरिमाने नंतर सांगितलं.

अगं, आम्ही चौथ्या मजल्यावर. आगीत लिफ्ट बंद करतात. तात्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, अशा नवऱ्याला मी एकटी उचलू कशी? झोपताना त्यांच्या डाव्या हाताला नाडा बांधते आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. पाणी हवं, कूस बदलायची, की ओढतात. प्रशिक हसतो, म्हणतो आईने तात्यांना पतंग केलंय. हसू दे. पण सूनबाई श्रेया मागे एकदा बोलली की अशा माणसांना सांभाळणारी सेवाकेंद्रं असतात, तिथे नर्स असते चोवीस तास. प्रशिक म्हणाला, "आईच्याने होतंय तोवर तात्या घरी." तोवर. तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

तुमच्या दवाखान्यात आगीची तयारी काय करतात ते सविस्तर लिही.

तुझी आत्या

*

नागपूर
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
जय भीम.

व्हॉट्सॅप दादा वाचतो म्हणून स्पीड पोस्टाने गुपितं पाठवणारी तू एकटीच. पोस्टमन मला विचारत होता, मॅडम, कोर्टाची नोटीस आहे का?

घाबरू नको. म्हणजे घाबर, पण कामाचं घाबर. आमच्या वॉर्डात मी इनचार्ज झाल्यापासून दर तीन महिन्यांनी सराव घेते. न चालणाऱ्या पेशंटला उचलायचं नसतंच. जाड गोधडी जमिनीवर घाल, तात्यांना तिच्यावर सरकव, डोक्याकडची दोन टोकं तू घट्ट धर. सपाटीवर ओढायचं. जिन्यावर त्यांचे पाय खाली, डोकं वर, तू डोक्याकडे, आणि अंग पायरी पायरी सरकू द्यायचं. पाठ खरचटेल, खरचटू दे. आधी घरात हॉलमध्ये करून बघ. ऐन वेळी पहिल्यांदा करायचं काम नाही ते.

आणि ते गेटचं कुलूप काढायला लाव. दादाला सांग, रंग परत लावता येतो.

भोंगा बसला की सोपं आहे. भोंगा ऐकला रे ऐकला, की गॅस बंद, दार बंद, मागचा जिना. विचार करत बसायचं नाही. कानाचं मशीन घालतेस ना गं? मागच्या वेळी ते डब्यात होतं आणि डबा फ्रिजवर होता.

तात्यांना सांग, संबोधीने गोधडीची गाडी पाठवलीय.

तुझी
संबोधी

*

राऊ
१ मार्च २०२५

चि. संबोधीस,
सप्रेम जय भीम.

गोधडीची गाडी चालली! मधुरिमाला बोलावलं, तिने तिच्या देवांशला पाळण्यात टाकलं आणि आम्ही दोघींनी तात्यांना हॉलभर ओढलं. सोफ्याला वळसा घालून स्वैपाकघरापर्यंत. आणि संबोधी, तात्या हसले. तोंड एका बाजूला जातं हल्ली, पण हसले. पक्षाघात झाल्यापासून पहिल्यांदा. मी तिथेच फतकल मारून बसले आणि रडले. मधुरिमाला वाटलं माझी कंबर गेली.

बाकी सगळं ठीक झालंय. प्रशिकने धावपळ करून सगळ्या उणिवा दूर केल्या. जाळ्यांना खिडक्या कापल्या. मीटरपुढचं सामान हलवलं आणि त्यांच्यावर छान रंगवलेला प्लाय बसवला, आता काही दिसतच नाही. खालच्या गेटला ताला आहे, पण आतल्या बाजूला भिंतीवर काचेची पेटी लावलीय, तिच्यात चाबी. काच फोडा, चाबी घ्या. तसंच करतात म्हणे मोठ्या मोठ्या ठिकाणी. साहेब परत येऊन बघून गेले, मान डोलावली.

भोंग्याला इथे हूटर म्हणतात. त्याचीही परीक्षा झाली. आम्ही सगळे पॅसेजमध्ये उभे होतो, प्रशिकने बटन दाबलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मग मीही ठेवले. देवांश केवढा रडला बिचारा.

आणि गंमत ऐक. मीटिंगमध्ये प्रत्येक मजल्याला एक इनचार्ज नेमला. चौथ्याला मी! कारण मी दिवसभर घरात असते आणि आत्याजींचं सगळे ऐकतात. हूटर वाजला की मी दारं वाजवायची, सगळ्यांना मागच्या जिन्याने न्यायचं. आता तू इनचार्ज आणि मीही इनचार्ज. काळजी करू नकोस.

तुझी आत्या

*

नागपूर
७ मार्च २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र ड्युटीवर वाचलं, हसले, घडी घातली. मग परत उघडलं. "सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मग मीही ठेवले."

आत्या, तुला हूटर ऐकू आला नाही. हो ना?

माझ्या गळ्याची शपथ, खरं लिही. आणि दाराची बेल? कुकरची शिट्टी? मशीन चालतंय की नाही? तू सांगितलं नाहीस तर मी दादाला फोन करणार आहे. तुझ्यावर एक मजला सोपवलाय त्यांनी. तिथे एक तान्हं मूल आहे. तात्या आहेत. हे लपवायचं काम नाही गं.

लगेच लिही.

संबोधी

*

राऊ
१३ मार्च २०२५

चि. संबोधीस,

फोन करू नकोस. तुझ्या पाया पडते, पोरी, तुला माझी शपथ आहे.

हो, नाही आलं ऐकू. काहीच नाही. मशीन घातलं की नुसती शीळ घुमते, माणसाचा शब्द त्यातून येत नाही, समोरच्याचे ओठ बघून मी बोलणं जुळवते. बेलचा दिवा बघून मी दार उघडते. कचरागाडीचं गाणं सगळ्या कॉलनीला पाठ झालंय, मला बायका बाल्ट्या घेऊन पळताना दिसल्या की मी पळते. महूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी आवाजावरून माणूस ओळखायचे. कर्नलसाहेबांच्या नुसत्या खोकण्यावरून लाइन जोडायचे. आता माझ्या घरात माझा नवरा कण्हला तर मला कळत नाही. हे मी कुठल्या तोंडाने सांगू? प्रशिक म्हणाला, आईच्याने होतंय तोवर. बहिऱ्या बाईच्याने मुक्या माणसाचं होतंय असं कोण म्हणेल? तात्यांना उचलून नेतील तिथे. तिथे त्यांचा नाडा कोण बांधून घेईल आपल्या हाताला?

तूच सांग. नाही तर नको सांगूस, फोन तेवढा करू नकोस.

आता दुसरं, ते जास्त वाईट आहे. येत्या बुधवारी रंगपंचमी. तुला माहीतच आहे इथली रंगपंचमी, आख्खं इंदूर रस्त्यावर. गेल्या साली रंगलेली माणसं मागच्या जिन्यात शिरली होती म्हणून प्रशिकने आधीच खालच्या गेटला नवा ताला आणून लावला, हा एवढा मोठा, पोलादी. मी खाली गेले होते सहज, काचेच्या पेटीतली चाबी बघितली. ती इवलीशी पितळेची, जुन्या ताल्याची! मी प्रशिकला दाखवली. तो म्हणाला, "अरे हो. बदलतो ना आई. काच फोडावी लागेल, रविवारी बघू." रविवार गेला. मी परत म्हटलं तर म्हणाला, "रंगपंचमी होऊ दे."

मला झोप येईना. डोळे मिटले की ते गेट दिसायचं. मग मी एक काम केलं. सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा खुंटीवरून त्याचा चाब्यांचा जुडगा घेतला, खाली जाऊन त्याचा ताला उघडला, काढला, आणि त्याच्या जागी सासऱ्यांच्या पलटणीतल्या काळ्या पेटीचा ताला लावला. तोही दणकट आहे, लांबून फरक कळत नाही. त्याची चाबी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. प्रशिकचा ताला तांदळाच्या डब्यात पुरलाय. नुसता उघडा ठेवला असता तर त्याने तिसरा आणला असता.

आता चाबी माझ्याजवळ आहे. काल पहिल्यांदा नीट झोपले.

तुझी आत्या

*

नागपूर
१७ मार्च २०२५

आत्या,

हे काय करून बसलीस!

पेटीतल्या चाबीने ते कुलूप उघडणार नाही. दादाच्या चाबीनेही आता उघडणार नाही. उघडेल ते फक्त तुझ्या गळ्यातल्या चाबीने, आणि हूटर वाजला तर बिल्डिंगीत तो फक्त तुलाच ऐकू येणार नाही. कळतंय का तुला काय झालं? आख्खी बिल्डिंग खाली गेटपाशी जाऊन उभी राहील आणि तू वर तांदूळ निवडत बसशील.

मी ओरडतेय त्याबद्दल माफ कर. मला भीती वाटतेय. आमच्याकडे धुरात गुदमरलेली माणसं आणतात, मी बघितलीत. भाजलेली नसतात. नुसती बंद दारापाशी सापडलेली असतात.

हे पत्र हातात पडेल त्याच मिनिटाला खाली जा आणि ते कुलूप काढ. तिसरं नको, चौथं नको, काहीच नको. जिना घाण होऊ दे. दादा ओरडला तर माझं नाव सांग. आणि मधुरिमाला तुझ्या कानांचं सांग, तिला तरी सांग.

तुझी शपथ मी बुधवारपर्यंतच पाळणार आहे.

संबोधी

*

नागपूर
२६ मार्च २०२५

प्रिय आत्या,

पत्र नाही. मी रोज खाली टपालपेटी बघून येते.

मी शपथ मोडली. रंगपंचमीच्या सकाळपासून दादाला फोन लावत होते. घेतलाच नाही. गर्दीत असेल म्हणून संध्याकाळी परत केला, तर बंद. दुसऱ्या दिवशी लागला तेव्हा म्हणाला, "सगळे ठीक आहेत, नंतर बोलतो," आणि मागे कुणीतरी बाई मोठ्याने रडत होती. मग मोबाइलवर बातमी दिसली. राऊ, रहिवासी इमारत, काही जण रुग्णालयात. नावं नाहीत.

मी सुट्टी टाकलीय. एक ओळ लिही. तुझ्या हातची.

संबोधी

*

राऊ
६ एप्रिल २०२५

चि. संबोधीस,
सप्रेम जय भीम.

"तुझ्या हातची" ओळ म्हणालीस, ही घे. तात्या आहेत. मी आहे. आधी तेवढं वाच, मग पुढचं.

तुझं ते ओरडण्याचं पत्र मला आगीच्या दुसऱ्या दिवशी खाली टपालपेटीत सापडलं. भिजलेलं, कारण फायर ब्रिगेडच्या पाण्याने खालच्या सगळ्या पेट्या भरल्या होत्या.

रंगपंचमीला श्रेया माहेरी देवासला होती आणि प्रशिक मल्हारगंजातून निघणाऱ्या गेरमध्ये, रंगांच्या मिरवणुकीत. तिथून राजवाड्यापर्यंत मुंगीला जागा नसते. दुपारी जेवून तात्यांच्या हाताला नाडा बांधला आणि मीही आडवी झाले. खाली पार्किंगमध्ये लोक पिचकाऱ्या, पाइप घेऊन खेळत होते. ते रंगाचं पाणी त्या रंगवलेल्या प्लायच्या मागे मीटरांवर जात होतं, आणि प्लायमुळे ते कुणाला दिसलं नाही.

नाड्याला ओढ बसली. मी पाणी नेलं. तात्यांनी पेला उडवून लावला. मला राग आला गं. मी म्हटलं, अंगावर नवी चादर आहे. ते परत ओढायला लागले, जोरजोरात, आणि त्यांनी डावा हात आपल्या कानाला लावला. मग दाराकडे केला. परत कानाला. मला समजेना. मग मी दाराखाली बघितलं, फटीतून काळं आत येत होतं.

दार उघडलं तर मधुरिमा समोर, देवांश कडेवर, मुठी लाल झालेल्या. ती किती वेळ दार बडवत होती कोण जाणे. इनचार्ज मी ना! माझ्यासाठी थांबली होती ती पोर. पुढच्या जिन्यातून धूर असा वर येत होता की दुसरी बाजू दिसेना. मी तिला मागच्या जिन्याकडे ढकललं, म्हटलं, तू हो पुढे, बाळाला ने. आणि मी गोधडी काढली.

त्या घाईत गळ्यातली चाबी माझ्या मनातही आली नाही. हे मी तुला लिहिते आहे, दुसऱ्या कुणाला सांगताना जीभ उचलत नाही. मला फक्त तात्या दिसत होते.

त्यांना ओढून जिन्यात आणलं, दार लावलं. तू सांगितलंस तसं, पाय खाली, डोकं वर. पांढऱ्या जिन्यात धूर कमी होता पण होता. एक मजला उतरवला असेन. पाठीतून कळा येत होत्या. तेवढ्यात खालून मधुरिमा परत वर येताना दिसली, बाळासकट. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. मी म्हटलं, जा ना खाली, वर का येतेस! ती रडत होती. शेवटी तिने माझ्या डोळ्यांसमोर हात धरला आणि चाबी फिरवल्यासारखी बोटं फिरवली.

चाबी! ती माझ्या गळ्यात होती.

दोरा गळ्यातून काढताना तुटला. चाबी तिच्या हातात कोंबली आणि ती खाली पळाली. मी तिथेच बसले तात्यांचं डोकं मांडीवर घेऊन. खाली सगळे होते गं, तिन्ही मजल्यांचे. काच फोडून ती इवलीशी चाबी लावून लावून त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं. मी वर बसून त्यांच्या किंकाळ्या ऐकल्या नाहीत. बहिरेपणाचे उपकार मानावेत का, सांग.

मग खालून वारा आला, आणि दोघं जण वर येऊन तात्यांना गोधडीसकट घेऊन गेले.

पहिल्या मजल्यावरचे उदयसिंहजी, त्यांना दमा. ते गेटपाशीच कोसळले होते. बरेच दिवस ऑक्सिजनवर होते, गुरुवारी घरी आले. ते वाचले म्हणून मी तुला हे लिहू शकते. नसते वाचले तर लिहिलं नसतं. त्यांच्या पत्नी माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

गेल्या रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. भिंती काळ्या, लाइट नाही, सगळे उभे. मला वाटलं मला शिव्या घालतील, तर उलट लोक माझ्या पाया पडायला लागले, आत्याजींनी चाबी आणली म्हणून! आणि मोर्चा वळला प्रशिककडे. मला ऐकू येत नव्हतं पण तोंडं दिसत होती. एकाने तो ताला त्याच्या नाकासमोर नाचवला. विचारत असणार, हा तुझा ना? पेटीत चाबी दुसरीच कशी?

प्रशिकने ताला हातात घेतला, उलटा करून बघितला. अगं, लहानपणी त्या पेटीवर बसून तो अभ्यास करायचा. आजोबांचा ताला ओळखणार नाही तो? त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं. मग लोकांकडे बघून बोलला. दोनच शब्द, ते मी ओठांवरून वाचले. "मेरा है."

तेव्हा मी पुढे झाले. म्हटलं, नाही. माझा आहे. मी लावला, याला न सांगता. आणि हूटर मला ऐकू आला नाही, त्या परीक्षेच्या दिवशीही आला नव्हता. मी बहिरी आहे. सगळं सांगितलं, हिंदीत, मोठ्या आवाजात, कारण माझा आवाज किती मोठा येतो ते मला कळत नाही.

प्रशिकने खिशातून जुडगा काढला. मधुरिमाने मला नंतर सांगितलं तो काय बोलला ते. म्हणाला, आईने नसता बदलला तर तिथे माझा ताला असता, आणि त्याची चाबी ही इथे, माझ्या खिशात, राजवाड्याच्या गर्दीत होती. तुम्ही सगळे मेला असता. असं म्हणून पोर ढसाढसा रडलं, चारचौघांत.

गेट आता नाही. कुलपाची कडीसुद्धा कापून टाकली. प्लाय निघाला. साहेब परत येऊन गेले, यावेळी हसले नाहीत आणि मानही डोलावली नाही, बसून प्रत्येक गोष्ट हाताने हलवून बघितली. माझ्या उशाशी मोठा लाल दिवा बसवलाय, हूटरबरोबर लागतो. मजल्याची इनचार्ज मधुरिमा. जिना अजून धुतला नाही. सगळ्यांच्या रंगलेल्या पावलांचे ठसे आहेत, आणि मधोमध तात्यांच्या गोधडीचा पट्टा. प्रशिकने रंगाऱ्याला बोलावलं नाही.

पण मी वाट बघत होते ती वेगळ्याच गोष्टीची. आता सगळं उघड झालं होतं. आता तो येईल आणि म्हणेल, आई, तुझ्याच्याने होत नाही, तात्यांना ठेवू तिकडे. दोन दिवस मी त्याच्या तोंडाकडे बघायचंच टाळलं, बघितलं नाही तर कळणार नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी तो ड्रिल मशीन घेऊन खोलीत आला. मला वाटलं तात्यांचा पलंग सोडवतोय. तर त्याने आमच्या आणि त्याच्या खोलीतल्या भिंतीला भोक पाडलं. दिवाळीत रंगवलेली भिंत, त्याने कधी कॅलेंडरला खिळा ठोकू दिला नव्हता. त्या भोकातून आमच्याच नाड्याचा तिसरा फाटा ओवला आणि आपल्या पलंगाच्या दांडीला बांधला, घंटा लावून. आता तात्यांनी ओढलं की भिंतीच्या दोन्ही बाजू जाग्या होतात. सेवाकेंद्राचं कुणी काढलं नाही.

तरी मी घाबरते, संबोधी. लिफ्टला, मीटरला, शेगडीला. रात्री जाग आली की मी माझ्याकडून नाडा ओढते आणि तात्या पलीकडून ओढतात, मग मला बरं वाटतं. चौदा एप्रिलला तुला सुट्टी असेलच, महूला ये, मग इथे राहा. तुझ्या डोळ्यांनी गेट नसलेली जागा बघून जा.

काल दुपारी असंच झालं. नाड्याला ओढ बसली, मी धडपडत उठले. तात्या गाढ झोपलेले, हात सैल. परत ओढ बसली. भिंतीकडून होती. धावत प्रशिकच्या खोलीत गेले, तर तो पलंगावर बसलेला, नाडा मुठीत. मी म्हटलं, "काय झालं रे?"

त्याने माझ्याकडे तोंड केलं, मला वाचता यावं म्हणून हळूहळू बोलला. "काही नाही आई. बघत होतो, तू येतेस का."

मी म्हटलं, "आले ना."

तुझी आत्या